एकवीस पायऱ्या आणि एक प्रिंटर

परवा कऱ्हाडहून धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "ताई, तुमच्याकडं वरच्या लॅपटॉपवरनं खालच्या प्रिंटरवर प्रिंट जाते म्हणं. आमच्याकडं का जात नाही ओ?" मी सांगायला सुरुवात केली. पाऊण तासानं कळलं की पलीकडे कुकरच्या चार शिट्ट्या होऊन गेल्यात आणि मी एकटीच बोलतेय. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं. त्यांना वाचता येईल आणि पुढच्या वेळी आमच्याकडे सगळं विस्कटलं की मलाही उपयोगी पडेल.

आधी घर सांगते, कारण यातला निम्मा घोळ घराचाच आहे. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. खाली पुढच्या खोलीत ह्यांचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, लोकांच्या इन्कम टॅक्सच्या फायली, एक डेस्कटॉप आणि प्रिंटर. वर गच्चीला लागून असलेल्या खोलीत माझा क्लास. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता आठवीच्या शिष्यवृत्तीच्या मुलांना घरी शिकवते. खालून वर यायला एकवीस पायऱ्या. गुडघे बरे असताना मी त्या कधी मोजल्या नव्हत्या.

प्रिंटर आहे एचपी लेझरजेट १०२०. जुना, काळा-पांढरा, मिनिटाला चौदा पानं काढणारा. ह्यांचा जीव आहे त्याच्यावर. 'बारा-ए' हा कार्ट्रिजचा नंबर सांगितला की साताऱ्यातला कुठलाही रिफिलवाला कार्ट्रिज भरून देतो, कागद अडकला तर झाकण उघडून ओढला की निघतो. फक्त त्याला वायफाय नाही आणि नेटवर्कची वायर खोचायची जागाही नाही. यूएसबीची एकच शेपटी आहे आणि ती खालच्या डेस्कटॉपला बांधलेली. "वर नेऊ का?" असं एकदा विचारून बघितलं होतं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवघरातला गणपती गच्चीवर नेते म्हटलं होतं.

मग पेनड्राइव्ह का नाही वापरला, असं विचाराल. तीन वर्षं वापरला. पण माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर आहे, खालच्या कॉम्प्युटरवर नाही. तिथे फाइल उघडली की 'खालीलपैकी विसंगत पद ओळखा' याच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि स्वल्पविराम यांचा चिवडा दिसतो. पीडीएफ करून नेली तर बरोबर छापते, कारण फॉन्ट फाइलच्या पोटातच जातो. पण खाली जाऊन छापलं की एका आकृतीत चूक सापडते. परत वर, दुरुस्ती, परत पीडीएफ, परत खाली. एका प्रश्नपत्रिकेला अशा पाच फेऱ्या धरा. पाच गुणिले एकवीस, परत गुणिले दोन. करा हिशोब.

आता मूळ गोष्ट. गेल्या जानेवारीतला शनिवार. रविवारी सकाळी आठ वाजता तेवीस मुलांची सराव परीक्षा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला पंचाहत्तर प्रश्न, दीडशे गुण आणि दीड तास असतो. माझी प्रश्नपत्रिका आठ पानांची झाली होती. तेवीस आठे एकशे चौऱ्यांशी पानं, मिनिटाला चौदा धरली तर तेरा-चौदा मिनिटांचं काम. रात्री नऊ वाजता मी निवांत होते.

निवांत असण्याचं कारण म्हणजे जुन्या लॅपटॉपवरून प्रिंट व्यवस्थित जायची. चिरंजीवांनी कधीतरी जोडून दिलं होतं. दिवाळीत दोन गोष्टी बदलल्या: मी विंडोज अकराचा नवा लॅपटॉप घेतला आणि घरात फायबरचं नवं कनेक्शन आलं. नव्या राउटरचा सिग्नल स्लॅबमधून वर पोचेना, म्हणून वायरिंग करणाऱ्या मुलानं खालून एक वायर वर ओढली आणि आमचा जुनाच राउटर वरच्या खोलीत लावून दिला. नेट झकास चालू झालं. त्यानंतर प्रिंट काढायची वेळ आली ती थेट त्या शनिवारी.

प्रिंट दिली. प्रिंटर सापडत नाही. नव्या लॅपटॉपला तो जोडलाच नव्हता हे आठवलं, म्हणून नेटवर्कमध्ये शोधला. खालचा कॉम्प्युटर यादीतच नाही. मग मी तेच केलं जे माझ्या वर्गातल्या पोरांनी केलं तर मी खडू फेकून मारीन. जे दिसेल ते बटण दाबत सुटले. लॅपटॉप बंद-चालू, वायफाय बंद-चालू, कुठल्या तरी तीन खुणा काढल्या, दोन केल्या, त्या कुठल्या हे लिहून ठेवलं नाही. साडेनऊला पुण्याला लेकाला फोन लावला.

"आई, नक्की काय लिहून येतंय? शब्दन् शब्द वाच."

"अरे, काहीतरी एरर येतोय."

"काहीतरी म्हणजे? प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, असं कोण म्हणायचं?"

जेवायला बाहेर गेला होता तो, त्यामुळे एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. पण बोलणं बरोबर होतं. कोरा कागद घेतला आणि ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं.

पहिला प्रश्न असा: खालचा कॉम्प्युटर मला दिसतो का? खाली जाऊन त्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा नंबर, काढला. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप केलं की येतो. तो निघाला १९२.१६८.१.७. वर येऊन त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का रे?' अशी हाक मारली. उत्तर नाही. चार हाका, चारही वाया.

परत खाली. तिथे सापडली पहिली चूक. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीनं ते नवं नेटवर्क असतं आणि नव्या नेटवर्कला ते 'पब्लिक' धरून चालतं. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय. तिथे अनोळखी माणसानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, आपलं सामान दाखवायचं नाही, हे शहाणपणाचंच आहे. पण आपल्याच घरात ते डोकं झाकून बसलं होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं. फाइल आणि प्रिंटर शेअरिंग चालू आहे ना, ते बघितलं. होतं. वर आले, पिंग केलं, चारही हाकांना उत्तर. मी एकटीच खोलीत "शाब्बास" म्हणाले.

आणि प्रिंट? नाही गेली.

इथे थोडं थांबते, कारण मला या सगळ्यातून जे कळलं ते इथेच कळलं. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. एकच रंगवला तर शून्य. पोरं पहिला बरोबर पर्याय सापडला की खूश होऊन पुढच्या प्रश्नावर जातात. मी दरवर्षी ओरडते. आणि मी स्वतः काय करत होते? एक चूक दुरुस्त करायची, प्रिंट आली नाही की 'म्हणजे ही चूक नव्हतीच' असं समजून ती दुरुस्ती परत उलटी करायची. त्या रात्री कागद समोर नसता तर मी ते नेटवर्क पुन्हा पब्लिक करून टाकलं असतं. आमच्याकडे एकाखाली एक अशा चार चुका होत्या. वरची काढल्याशिवाय खालची दिसत नव्हती आणि चारही निघाल्याशिवाय कागद हलणार नव्हता.

दुसरी चूक. पत्ता टाकून कॉम्प्युटर उघडायचा म्हणजे दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे आयपी. उलटी रेघ म्हणजे एंटरच्या वरची. भागाकाराची नव्हे. जाऊबाई, इकडे लक्ष द्या, तुमचं इथंच अडलंय असा मला दाट संशय आहे. तर रेघा टाकल्या, पत्ता टाकला आणि चौकट आली: युजरनेम आणि पासवर्ड द्या.

मी खाली ओरडले, "अहो, तुमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय?"

"एक नऊ आठ सात."

आमच्या लग्नाचं वर्ष. गोड वाटलं, पण चालला नाही. कारण तो पासवर्ड नव्हताच, तो पिन होता. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो, त्याच्यासमोर बसूनच चालतो, नेटवर्कवरून दिला तर तो कुणी ओळखत नाही. खरा पासवर्ड ह्यांनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा टाकला होता आणि तो एका डायरीत होता. ती डायरी कुठे आहे याची चर्चा आम्ही पंधरा मिनिटं केली. त्यातलं इथे काही लिहीत नाही.

शेवटी डायरीचा नाद सोडला आणि खालच्या कॉम्प्युटरवर एक वेगळं लोकल खातं उघडलं. नाव ठेवलं 'शिपाई'. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटातून प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे वर्गावर आणायचं काम शिपाईमामांचं असायचं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे नसे, पण दारातून त्यांना कुणी अडवत नसे. तसाच हा. साधं खातं, कसलेही अधिकार नाहीत, फक्त प्रिंटरपर्यंत जायचं. पासवर्ड मात्र ठेवावाच लागतो. मी आधी कोरा ठेवून बघितला, म्हटलं घरातल्या घरात कशाला. पण बिनपासवर्डाच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग पासवर्ड ठेवला, तो लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्डांच्या वहीत, शिपायाच्या नावानं जपून ठेवला आणि दार उघडलं. समोर 'लेझर' नावाचा शेअर केलेला प्रिंटर दिसला. साडेदहा वाजले होते.

मग तिसरी चूक. त्या प्रिंटरवर दोनदा टिचकी मारली. 'ऑपरेशन फेल्ड' आणि खाली एक आकडा: शून्य, एक्स, मग पाच शून्यं, एक, एक, बी.

आकडा दिसला की मला राहवत नाही. हे सोळाच्या पायातलं लिखाण. बी म्हणजे अकरा. दोनशे छप्पन्न अधिक सोळा अधिक अकरा, म्हणजे दोनशे त्र्याऐंशी. याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही, पण डोकं जरा शांत झालं.

मोबाइलवर तो आकडा शोधला तेव्हा त्याचा इतिहास कळला. २०२१ साली विंडोजच्या छपाई सांभाळणाऱ्या भागात, ज्याला स्पूलर म्हणतात, मोठी भगदाडं सापडली होती. त्यातलं एक 'प्रिंटनाइटमेअर' या नावानं गाजलं. स्पूलर हा यंत्रावर सगळ्यात वरच्या अधिकारानं चालतो. त्याच्यामार्फत बाहेरचा माणूस आपल्या यंत्रावर हवं ते चालवू शकेल अशी सोय होऊन बसली होती. म्हणून एकामागून एक अपडेट आली आणि प्रिंटर शेअर करताना दोन यंत्रांनी एकमेकांशी किती काटेकोरपणे बोलायचं याचे नियम कडक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटपासून यातला एक नियम सक्तीचा झाला आणि घरोघरी हा एक-एक-बी दिसायला लागला. आमच्या खालच्या कॉम्प्युटरवर अपडेट पुढे ढकलत राहायची ह्यांची जुनी सवय आहे, 'रिटर्नच्या सीझनमध्ये नको' म्हणून. सीझन संपला तरी ते राहिलंच होतं.

यावर लोक एक सोपा उपाय सांगतात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, जाऊन एक किल्ली घाला आणि तिची किंमत शून्य करा. चालतो म्हणतात. पण ते म्हणजे कडी त्रास देते म्हणून दारच काढून ठेवणं. त्या कॉम्प्युटरवर दीडशे माणसांची पॅन कार्डं आणि बँक खाती आहेत. मी ती किल्ली घातली नाही.

दुसरा उपाय जरा लांबचा आहे, पण मला पटला. प्रिंटर खालून 'मागून' घ्यायचाच नाही. लॅपटॉपवर लेझरजेट १०२० चा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलायचं सॉफ्टवेअर, आपला आपण बसवायचा, जणू प्रिंटर लॅपटॉपलाच जोडलाय. फक्त पोर्ट, म्हणजे काम कुठल्या दारानं बाहेर जाणार ते, निवडताना यूएसबी न निवडता नवीन 'लोकल पोर्ट' करायचा आणि त्याचं नाव म्हणून तोच पत्ता द्यायचा: दोन उलट्या रेघा, १९२.१६८.१.७, आणखी एक उलटी रेघ आणि शेअरचं नाव. आता लॅपटॉप आपल्या घरी पान शिजवतो आणि तयार ताट शिपायाच्या हाती देतो. खालून ड्रायव्हर मागायचा प्रश्नच येत नाही. तो आकडा त्या मागण्याच्या वेळीच येत होता.

यातलं एक ऐका. ड्रायव्हर दोन्हीकडे नीट हवाच, कारण हा प्रिंटर स्वतः फारसा विचार करत नाही. पानाचं सगळं गणित कॉम्प्युटर करतो. एवढंच नव्हे, बंद करून चालू केला की तो आपलं काम कसं करायचं हेही विसरलेला असतो. जागा झाल्यावर कॉम्प्युटर त्याला ते दर वेळी नव्यानं शिकवतो, तेव्हा कुठे तो उभा राहतो. दिवाळीत मी हुशारी करून त्याची यूएसबी थेट नव्या राउटरच्या मागच्या यूएसबीत खोचली होती. दिवा लागला, कागद काही आला नाही. तेव्हा वाटलं भोक खराब आहे. राउटर बिचारा त्याला शिकवणार काय? अशा प्रिंटरला शेजारी जागा कॉम्प्युटर लागतोच. ज्यांच्याकडे हेच मॉडेल आहे त्यांनी राउटरचा नाद करू नये. वेळ जातो.

तर पोर्ट झाला, ड्रायव्हर झाला, सव्वाअकरा झाले. एक प्रत पाठवली. लॅपटॉपवर कसलाही आकडा नाही, तक्रार नाही. 'प्रिंटिंग' असं आलं आणि रांग रिकामी झाली. मी कान देऊन ऐकलं. तो प्रिंटर सुरू होताना घशात खाकरल्यासारखा आवाज करतो, वर ऐकू येतो. काही नाही. दुसरी प्रत पाठवली. शांतता. तिसरी. खाली जायचा कंटाळा, गुडघे बोलायला लागलेले. चौथी. कागदावर लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या परत तपासल्या. शिपाई आत जातोय, पत्ता बरोबर, ड्रायव्हर बरोबर. पाचवी.

मग उतरले. ऑफिसात अंधार, डेस्कटॉप चालू. त्याला हात लावू नका म्हणून मी बजावलं होतं आणि ह्यांनी तो शब्द पाळला होता. रांगेत पाच कामं शिस्तीत उभी. आणि प्रिंटरचा दिवा बंद. हे रोज झोपायला जाताना भिंतीवरचं प्रिंटरचं बटण बंद करतात. सोळा वर्षं करताहेत. कॉम्प्युटरला हात लावू नका म्हटलं होतं, प्रिंटरचं कुठे काय म्हटलं होतं?

बटण दाबलं. दिवा लागला, खाकरला, आणि सुटला. चाळीस पानं. रात्रीच्या साडेअकराला, बंद खोलीत, त्याचा आवाज काय घुमतो म्हणून सांगू. हे मफलर गुंडाळून दारात आले, ट्रेमध्ये साचत चाललेल्या कागदांकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या रात्री कुणाचं रिटर्न भरतेस?"

वाया एकही गेलं नाही. तेवीसमधल्या पाच प्रती झाल्याच होत्या, उरल्या अठरा. त्या पाठपोट काढल्या. आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटा घालून सम पानं. पहिल्या गठ्ठ्याची दिशा चुकली आणि तीन कागदांवर पान एक आणि पान आठ पाठीला पाठ लावून आले, पण तेवढं चालायचंच. पावणेएकला दोन्ही गठ्ठे वर नेऊन ठेवले. रविवारी पाच पोरांना एकाच बाजूला छापलेला जाड पेपर मिळाला, तर उरलेल्यांनी 'त्यांना जास्त प्रश्न आहेत का?' म्हणून गोंधळ घातला.

चौथी चूक भिंतीवरची होती म्हणजे गोष्ट संपली असं मलाही वाटलं. मंगळवारी दुपारी लाईट गेली आणि आली. संध्याकाळी प्रिंट पाठवली तर परत ठणठणाट. बटण चालू, कॉम्प्युटर चालू. कागद घेऊन पहिल्यापासून सुरुवात. पिंग, उत्तर नाही. खाली जाऊन पत्ता काढला तर ७ च्या जागी ४. राउटर बंद पडून उठला की तो पत्ते नव्यानं वाटू शकतो, आणि माझा पोर्ट जुन्या पत्त्याला चिकटलेला. लोकांनी घर बदललं तरी आपण जुन्याच दारी पत्र टाकत राहावं, तसं.

यावर उपाय म्हणजे पत्त्याऐवजी नाव वापरायचं. खालच्या कॉम्प्युटरला नाव आहे 'ऑफिस'. नाव टाकलं, सापडेना. तेव्हा मला लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता बघायची बुद्धी झाली. तो होता १९२.१६८.०.३. खाली तिसरा आकडा १, वर ०. शनिवारी रात्रीपासून हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि गणिताच्या बाईंना दिसलं नव्हतं.

वरच्या जुन्या राउटरनं वर आपला वेगळा संसार थाटला होता. खालून आलेली वायर त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जगाच्या भोकात होती, त्यामुळे खालचं आख्खं घर त्याच्या लेखी 'बाहेर' होतं. वरून खाली आकड्यानं हाक मारली तर ती पोचते, जशी घरातून इंटरनेटला पोचते. पण नावानं मारलेली हाक आपल्याच उंबऱ्यात थांबते. म्हणून शनिवारी आकड्यावर काम भागलं आणि ही चूक झाकली गेली. वायर ओढणाऱ्या पोराला मी वर नेट पाहिजे म्हटलं होतं, त्यानं नेट दिलं. दोन मजल्यांचं एक घर राहू दे, असं मी म्हटलं नव्हतं.

दुरुस्ती तीन कामांची, पण क्रम महत्त्वाचा. आधी वरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून खालच्या घराण्यातला करायचा. मी १९२.१६८.१.२ केला, खालचा राउटर तो कुणाला वाटणार नाही याची खात्री करून. मग त्याचं पत्ते वाटण्याचं काम, डीएचसीपी, बंद करायचं. शेवटी खालून आलेली वायर वॅनमधून काढून शेजारच्या साध्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांच्या, भोकात घालायची. मी अर्थातच डीएचसीपी आधी बंद केलं. लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणीच उरलं नाही, त्यानं स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक निराधार पत्ता घेतला आणि राउटरचं पानच उघडेना. टाचणीनं मागचं बारीक भोक दहा सेकंद दाबून राउटर कोरा केला आणि सगळं पहिल्यापासून.

त्यानंतर लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.९ आला. नेटवर्क उघडलं तर 'ऑफिस' समोर. शिपायाची नोंद नव्या नावानं परत केली, पोर्टही नावानं नवा केला. खालच्या राउटरमध्ये डेस्कटॉपला ७ हा पत्ता कायमचा राखून ठेवला, तरी असू दे म्हणून. डेस्कटॉपचं आपोआप झोपणंही बंद केलं. यावर विजेच्या बिलावरून जे बोलणं झालं त्याचा निकाल असा की माझा क्लास असेल त्या दिवशी तो रात्री दहापर्यंत जागा राहील, नंतर नाही. अपडेटही ह्यांनी एका रविवारी करून टाकली, मी न सांगता. विंडोज दहा आहे त्याच्यावर आणि तिचा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या अपडेटचा, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तो यंत्र बदलायचा विषय आता आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. प्रिंटर बदलायचा विषय नाही. तो काढायचाही नाही.

जाऊबाई, तुमच्याकडे आधी वर आणि खाली दोन्हीकडचे पत्ते काढा आणि तिसरा आकडा मला फोटो काढून पाठवा. त्याच्याआधी प्रिंटरचं बटण चालू आहे का ते भावोजींना बघायला सांगा. आमच्याकडे भिंतीवर त्या बटणाखाली मी खडूनं 'विचारून बंद करणे' लिहिलंय, ते ह्यांनी एकदा पुसलं, मी परत लिहिलं. आणि वरच्या राउटरच्या वॅनच्या भोकावर चिकटपट्टी लावलीय, म्हणजे झाडलोट करताना वायर निघाली तरी परत तिथे जाणार नाही.